जुनी अमेरिकन तिकिटे पाकिटासकट घेताना आधी टपालखर्चाचा हिशेब जुळवून पाहावा

१८४७ सालची पहिली अमेरिकन तिकिटे सुटी घ्यावीत की टपालातून गेलेल्या मूळ पाकिटासकट, आणि पाकिटासकट घेतली तर फसवणूक कशी टाळावी, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पैसे मर्यादित असतील तर तिकिटे कमी घ्यावीत, पण पाकिटासकट घ्यावीत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला नुकसान सोसून मिळाले, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहितो.

१ जुलै १८४७ रोजी अमेरिकेच्या टपाल खात्याने दोन तिकिटे विक्रीस काढली. बेंजामिन फ्रँकलिनचे चित्र असलेले तपकिरी तिकीट ५ सेंटचे होते आणि जॉर्ज वॉशिंग्टनचे काळे तिकीट १० सेंटचे. या दोन किमती ठरण्यामागे टपालदर होता. अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र ३०० मैलांच्या आत जायचे असेल तर ५ सेंट, त्यापलीकडे जायचे असेल तर १० सेंट, आणि वजन अर्ध्या औंसाच्या पुढे गेले की दर दुप्पट. म्हणजे न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला निघालेल्या साध्या पत्रावर ५ सेंटचे एक तिकीट हवे आणि न्यू ऑर्लिन्सला निघालेल्या पत्रावर १० सेंटचे एक किंवा ५ सेंटची दोन. फिलाडेल्फियाच्या पत्रावर १० सेंटचे तिकीट दिसले, तर ते पत्र जड होते याचा काही पुरावा पाकिटावर शोधावा. तो न सापडल्यास तिकीट मागाहून चिकटवल्याची शंका धरावी. सुट्या तिकिटाची अशी तपासणी करता येत नाही, कारण ते कोठून निघाले आणि कोठे पोहोचले हे सांगणारा कागदच उरलेला नसतो.

येथे ‘पाकीट’ हा शब्द मी सैलपणे वापरतो आहे. १८४५ पर्यंत अमेरिकेत टपालखर्च कागदांच्या संख्येवर आकारला जात असे आणि वेगळे पाकीट हाही एक कागद धरला जाई. त्यामुळे लोक पत्राचाच कागद दुमडून, लाखेने बंद करून, त्याच्याच पाठीवर पत्ता लिहीत. १८४५ साली आकारणी वजनावर आली, तरी ही सवय बरीच वर्षे टिकली. संग्राहकाला तिचा मोठाच उपयोग होतो. त्या काळच्या अनेक गावांच्या शिक्क्यांत दिवस आणि महिना असतो, पण वर्ष नसते. आत मात्र पत्रलेखकाने तारीख पूर्ण लिहिलेली असते.

माझी फसगत झाली ती नेमकी ही तारीख न वाचल्यामुळे. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून ५ सेंटच्या फ्रँकलिनचे असे एक दुमडपत्र घेतले. तिकिटाच्या चारही कडा शाबूत होत्या आणि त्यावर, तिकीट वापरले गेल्याची खूण म्हणून, शाईच्या दोन तिरक्या रेघा मारलेल्या होत्या. अंतराचा हिशेबही जुळत होता. महिन्याभराने सवडीने पत्र उघडले तेव्हा आत तारीख होती फेब्रुवारी १८४७ ची, म्हणजे तिकीट जन्माला येण्यापूर्वी पाच महिन्यांची! दिव्यासमोर धरल्यावर तिकिटाच्या खाली हाताने लिहिलेला जुना ‘५’ पुसटसा दिसला. मूळ पत्र बिनतिकिटाचे होते. त्यावर दराचा आकडा तेवढा होता, तो झाकूनच कोणी तिकीट डकवले होते. बिनतिकिटाची पत्रे त्या मानाने बरीच स्वस्त मिळतात, त्यामुळे हा उद्योग करणाऱ्यांना कच्च्या मालाची वाण नसते.

म्हणून तिकिटावरचा शिक्का किंवा रेघ तिकिटाची कड ओलांडून कागदावर सलग उतरली आहे का, हे भिंगाखाली पाहावे. शाईचा रंग दोन्हीकडे एकच असावा. माझ्या पत्रावरच्या रेघा तिकिटाच्या कडेशीच थांबत होत्या आणि मी ते पाहूनही सोडून दिले होते. महाग वस्तू मात्र तिकिटांचा अस्सलपणा तपासणाऱ्या, न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनसारख्या संस्थेच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये.

टपालदराचा हा हिशेब किती दूरवर पोहोचतो याचे माझे आवडते उदाहरण आपल्याच देशाशी जोडलेले आहे. १८७३ साली बोस्टनहून कोलकात्याच्या ‘आइस हाउस’च्या पत्त्यावर एक पाकीट निघाले. बोस्टनच्या परिसरातील तळ्यांवरचा बर्फ जहाजांनी कोलकात्याला येत असे आणि तेथे तो साठवण्याची ती इमारत. पाकिटावर १८६९ च्या मालिकेतील ९०, १२ आणि १० सेंटची तिकिटे आहेत. बेरीज ११२ सेंट, म्हणजे तेथे जाणाऱ्या साध्या पत्राच्या २८ सेंटच्या दराची बरोबर चौपट. त्या मालिकेतील ९० सेंटचे लिंकनचे तिकीट लावलेले हे एकच पाकीट ज्ञात आहे. ते १९६७ मध्ये चोरीस गेले आणि २००६ मध्ये शिकागोत पुन्हा सापडले.

आपण सुरुवात १८४७ पासून न करता १८५१ च्या ३ सेंटच्या लालसर वॉशिंग्टनपासून करावी, असे मला वाटते. १ जुलै १८५१ रोजी दर उतरले, खर्च आधी भरलेले पत्र ३ सेंटमध्ये ३,००० मैलांपर्यंत जाऊ लागले आणि १८४७ ची तिकिटे त्याच दिवसापासून रद्द झाली. ३ सेंटच्या तिकिटाची पाकिटे आजही भरपूर आणि परवडणाऱ्या किमतीत मिळतात. डॉ. कॅरोल चेस या अमेरिकन तिकीट-अभ्यासकांनी तर यातील प्रत्येक तिकीट छपाईच्या कोणत्या प्लेटवर कोणत्या जागी होते, हे शोधण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. अशी वीस-पंचवीस पाकिटे हाताळली, की सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला, म्हणजे तेव्हाच्या टपालमार्गाने ३,००० मैलांच्या पलीकडे, गेलेल्या पत्रावर ३ सेंटचे एकच तिकीट पाहून आपल्याला आपोआप खटकेल.

राहिली जपणुकीची गोष्ट. तिकीट पाण्यात भिजवून सोडवण्याचा मोह कधीही होऊ देऊ नका. साध्या प्लास्टिकच्या पिशव्याही वापरू नका, आणि आपण मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात पाकिटे सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.