बरण्यांत किडे भरून पोट भरेल का?

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, हुशार. पण नीटच्या क्लासला दांडी मारून पावसात सड्यावर (जांभ्याच्या उघड्या माळावर) हिंडते, बेडूक-खेकड्यांच्या नोंदींनी वही भरते आणि म्हणते, म्युझियमसाठी रानात काम करायचंय. वडील विचारतात, ‘बरण्यांत किडे भरून पोट भरेल का?’

नमस्कार. काळजी रास्त आहे, म्हणून आधी पैशांचंच सांगतो. बीएस्सी, एमएस्सी, मग नेट ही पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि पीएचडीची वाट मोकळी. हाताला स्थिर काही लागेपर्यंत सत्ताविशी-अठ्ठाविशी उजाडते. कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं (स्थापना १९१६) केंद्र पुण्यात आहे, वनस्पती सर्वेक्षणाचंही आहे. मुंबईत १८८३ पासूनची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आहे. कायमच्या जागा थोड्या, प्रोजेक्टवरच्या बऱ्याच. तेवढा दम धरायची घरची तयारी हवी.

आता कामाचं. म्युझियम म्हटलं की आपल्याला काचेआडचा पेंढा भरलेला वाघ आठवतो. खरं काम मागच्या खोल्यांत चालतं, आणि त्याच्याही आधी चिखलात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावचं देवगांडूळ घ्या. आळं खणताना असलं काही निघालं की आपण सापाचं पिल्लू समजून फावडं घालतो. २००३ साली रविचंद्रन आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे गोवर व विल्किन्सन यांनी ते विज्ञानाला नवं म्हणून नोंदवलं आणि प्राणिशास्त्रज्ञ शेषाचार यांचं नाव त्याला दिलं. ते गांडूळ नव्हे, बेडकाच्या गोतातला बिनपायाचा उभयचर आहे!

अशा नमुन्याला किंमत येते ती सोबतच्या चिठ्ठीमुळे. गाव, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, जांभ्याच्या दगडाखाली की पाचोळ्यात, कोणी गोळा केला. ही चिठ्ठी नसेल तर बरणीतला जीव फुकट मेला असं मी मानतो. पन्नास वर्षांनी सड्यावर चिरेखाण झाली, तर तिथे काय जगत होतं याचा पुरावा तेवढाच उरतो.

लेकीची वही एकदा स्वतः उघडून बघा. तारीख, जागा, वेळ रोजच्या रोज लिहिलेली असेल तर निम्मी तयारी झालीच आहे. मात्र परवानगीशिवाय प्राणी पकडून बरणीत घालू नये, वन्यजीव कायदा (१९७२) आडवा येतो. फोटो आणि नोंदी पुरेत. इंग्रजी लिहिण्याचा सराव आत्तापासून हवा, संख्याशास्त्राचा कंटाळा चालणार नाही. रानात एकटीनं जायची वेळ सहसा येत नाही, कामं गटानं होतात आणि सोबत गावातला माहीतगार असतो.

नीट द्यायची की नाही, ते तिलाच ठरवू द्या. आणि यंदा माडाची आळी करताना देवगांडूळ निघालंच, तर फावडं बाजूला ठेवून तिला हाक मारा.