किल्ली फिरवली तरी आऊटबोर्डचा (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचा) सेल्फ म्हणजे स्टार्टर लागत नाही, लिव्हर हलवला की कधीकधी लागतो. दोष कुठे असेल?

स्टार्टर मोटर विकत घेऊ नका, निदान लिव्हरचा डबा उघडून बघेपर्यंत तरी नको.

तुम्ही लिहिलंय की ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक यामाहा आहे, बाजूला रिमोट कंट्रोलचा, म्हणजे गिअर आणि वेगाच्या लिव्हरचा डबा आहे आणि पावसाळाभर बोट झापाखाली उभी होती. आता किल्ली फिरवली की टक नाही, टुक नाही. बॅटरी नवी टाकून झाली, आता दुकानदार मोटर बदला म्हणतोय. आणि शेवटी सहज लिहिल्यासारखं एक वाक्य टाकलंय की लिव्हर जरा पुढेमागे केला तर कधीकधी लागतो. अहो, तेच वाक्य महत्त्वाचं. मोटर जळली असती तर लिव्हर कुठे आहे याच्याशी तिचं काय देणंघेणं?

मी मालवणकडचा. आमची स्वतःची पर्यटकांची बोट आहे, आणि नारळी पौर्णिमा झाली की किनाऱ्यावर दर दुसऱ्या बोटीत हाच तमाशा असतो. आमचे जुने मेस्त्री कव्हर काढायच्या आधीच ओरडायचे, "आधी हँडल हालव, मगे इंजिनाक हात लाव!" तेव्हा हसायला यायचं.

त्या डब्यातून दोन केबल मशीनकडे, म्हणजे इंजिनाकडे जातात, एक गिअरची आणि एक थ्रॉटलची (वेगाची), हे तुम्हाला माहीत असेलच. पण आत आणखी एक वस्तू असते, आगपेटीहूनही लहान. तो न्यूट्रल स्विच. लिव्हर न्यूट्रलच्या खाचेत नीट बसला की आतला उंचवटा या स्विचचं बटण दाबतो, आणि तेव्हाच किल्लीचा करंट पुढे मशीनवरच्या रिलेपर्यंत (बॅटरीचा मोठा करंट सेल्फला जोडणाऱ्या स्विचपर्यंत) पोचतो. बटण अर्धवट दाबलं गेलं किंवा आतल्या पत्र्यावर खारी हवा बसली, की किल्ली कितीही पिळा, सगळं शांत. तांब्याच्या घागरीवर चढतो तसा हिरवा कळंक असतो तो. पावसाळ्यात बोट तीन महिने हलत नाही, तेवढ्यात त्याचं काम होतं.

आवाजावरून आणखी थोडं कळतं. मशीनकडून टक असा आवाज येऊन सेल्फ फिरत नसेल, तर रिलेपर्यंत करंट पोचतोय. मग बॅटरीचे टर्मिनल, जाड वायरी आणि शेवटी मोटर बघायची. सेल्फ फिरतो पण मशीन पेटत नाही, तर मनगटाला अडकवायच्या लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का ते आधी बघा, मग पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा फुगा. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

आता मल्टीमीटर घ्या. किल्ली 'ऑन'ला केल्यावर काहीच जिवंत होत नसेल तर आधी मशीनवरचा फ्यूज आणि हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) मोठा कनेक्टर बघा, पिना काळ्या पडल्या असतील. ते ठीक असेल तर मशीनचं कव्हर काढून स्टार्टर रिलेला येणारी बारीक तपकिरी वायर शोधा. यामाहाच्या वायरिंगमध्ये स्टार्टची वायर तपकिरीच असते. लाल दोरीची क्लिप काढून ठेवा, म्हणजे मशीन चुकून पेटणार नाही. पंख्याजवळ (प्रोपेलरजवळ) कुणालाही उभं करू नका. एकाने किल्ली स्टार्टला धरायची, दुसऱ्याने मीटर. तिथे १२ व्होल्टच्या आसपास येत असतील तर दोष रिलेत किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. काहीच येत नसेल, आणि लिव्हर किंचित हलवल्यावर मध्येच आकडा उसळत असेल, तर पत्ता मिळाला.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, डबा बोटीच्या बाजूवरून सोडवा आणि उघडण्याआधी मोबाईलवर चार फोटो काढून ठेवा. आतल्या स्प्रिंगा कुठून आल्या हे नंतर कुणालाच आठवत नाही. स्विचला जाणाऱ्या दोन तपकिरी वायरींवर मीटर बीपवर लावा (जोड पक्का असेल तर तो वाजतो) आणि बटण बोटाने दाबा. बोटाने दाबूनही वाजत नसेल तर स्विच मेला, नवा टाका. स्प्रे मारून चालेल, पण दिवाळीपर्यंतही टिकणार नाही. बोटाने वाजतो आणि लिव्हरने वाजत नाही, तर स्विच चांगला आहे. त्याची पट्टी सैल आहे, उंचवटा झिजलाय किंवा लिव्हर खाचेत बसतच नाहीये.

हे शेवटचं कारण फार जणांच्या नजरेतून सुटतं. मशीनच्या बाजूने गिअरची केबल सोडा आणि लिव्हर हलवून बघा. आता न्यूट्रलला खट्‌कन बसत असेल तर दोष केबलचा. आतली तार गंजून फुगलेली असते, ती लिव्हरला खाचेच्या केसभर अलीकडे अडवून धरते. अशा केबलमध्ये तेल सोडण्यात वेळ घालवू नका, बदला. आणि नवी लावल्यावर लिव्हर न्यूट्रलला असताना मशीनवरचा गिअरही खरोखर न्यूट्रलला आहे ना, पंखा हाताने मोकळा फिरतो ना, हे बॅटरी जोडायच्या आधी बघा.

आता जे कुणी तरी तुम्हाला नक्की सुचवणार, ते. दोन तपकिरी वायरी एकमेकींना जोडून टेप गुंडाळली की सेल्फ लगेच लागतो. मीही लावली होती, डिसेंबरच्या गर्दीत, चार दिवसांसाठी म्हणून. तिसऱ्या दिवशी भाच्याने लिव्हर पुढच्या गिअरमध्ये असताना किल्ली मारली. बोट उसळली, नांगर उचलायला पुढे वाकलेला आमचा पोरगा थेट पाण्यात, आणि आम्ही शेजारच्या होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर). तो पुढून पडला आणि बोट बाजूला वळली म्हणून वाचला. पंखा त्याच्यापासून हातभरावरून गेला असेल. त्या रात्री मी टेप काढली.

भर खाडीत अडकलात तर कव्हर काढून फ्लायव्हीलला (मशीनच्या डोक्यावरच्या जड चाकाला) दोरी गुंडाळून मशीन ओढता येतं. पण दोरीला न्यूट्रल स्विच कळत नाही, तेव्हा लिव्हर आणि मशीनवरचा गिअरचा दांडा दोन्ही डोळ्यांनी बघून मगच ओढा.

डबा उघडलात की स्विचचा फोटो टाका. बोट जुनी घेतली असेल तर त्या तपकिरी वायरींवर आधीच्या मालकाची टेप आहे का, तेही बघा.