ताण, कॅन्सर आणि मेंदू: प्राणिशास्त्राच्या मुलीने पुढे काय करावं?

जुळे सोलापूरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. सततच्या सामाजिक ताणाचा बायकांच्या कॅन्सरवर आणि मेंदूच्या दाहावर (सुजेवर) काय परिणाम होतो, यावर तिला संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) कर आणि लॅबमध्ये लाग.

सप्रेम नमस्कार. डीएमएलटीने नोकरी लवकर लागेल, पण तिचा प्रश्न तिथे सुटणार नाही. आणि प्रश्न फार चांगला आहे. ताण लांबला की प्रतिकारपेशी कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला दाद देईनाशा होतात, आयएल-६ सारखी दाहक प्रथिनं वाढतात, मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारपेशी उत्तेजित होतात. उंदरांमध्ये ताणामुळे गाठ जास्त पसरल्याचं दिसलंय. माणसात ताणानेच कॅन्सर होतो, हे मात्र सिद्ध नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत तिला हा फरक सांगता आलाच पाहिजे.

उंदरांवरचे असे प्रयोग वर्षानुवर्षं बहुतेक नरांवरच झाले. रूढ पद्धतीत ताण देण्यासाठी आडदांड नराच्या पिंजऱ्यात दुसरा नर सोडतात; मादीवर तो सहसा हल्ला करत नाही. म्हणून माद्यांना एकटं ठेवतात, किंवा त्यांच्या सोबतिणी दर काही दिवसांनी बदलतात. शिवाय मादीचं ऋतुचक्र ४-५ दिवसांचं, त्यामुळे रोज योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन चक्राचा टप्पा नोंदवायचा. पिंजऱ्याला हात लावल्यापासून साधारण ३ मिनिटांत रक्त घेतलं नाही, तर हाताळणीच्या ताणानेच कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांमधलं ताणाचं संप्रेरक) चढतं आणि आकडे वाया जातात. शेवटी प्राणी मारून मेंदू काढावा लागतो. हे तिला झेपेल का, ते आधी मोकळेपणाने विचारा.

झेपणार असेल तर आतापासून इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) आणि संख्याशास्त्र पक्कं करू दे. या क्षेत्रात मुलं अडतात ती बहुधा संख्याशास्त्रावर. तिसऱ्या वर्षी एम.एस्सी. प्रवेशासाठी आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजी पेपर आणि गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची प्रवेशपरीक्षा द्यावी. नाही जमलं तर आपल्याच विद्यापीठात एम.एस्सी., त्यात काही बिघडत नाही. मग सीएसआयआर नेट ही संशोधन फेलोशिपची परीक्षा: २०० पैकी १०० गुण भाग 'क'चे, तिथे प्रयोगाचा अर्थ लावावा लागतो, पाठांतर चालत नाही. जेआरएफ (ती फेलोशिप) मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी.ला ५-६ वर्षं धरा. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) आणि पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञान संस्था) या दोन्ही ठिकाणी कॅन्सरवर काम चालतं.

त्याआधी विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करायला सांगा. दोन महिने लॅबमध्ये काढले की डीएमएलटी की संशोधन, हे तिचं तीच ठरवेल.