उंदराचं यकृत वाचलं, म्हणजे नेमकं काय झालं?

तुमचा प्रश्न असा आहे: वडिलांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड २ आलंय. नातेवाईक हळदीच्या अर्काच्या, मिरीचं पिपरिन घातलेल्या कॅप्सूल सुचवतायत. आणि तुम्हाला एक शोधनिबंध सापडलाय, ज्यात हळदीतल्या करक्युमिन या द्रव्यामुळे उंदरांची यकृतं विषापासून वाचली. तर कॅप्सूल सुरू करायच्या का?

त्या निबंधाच्या भरवशावर करू नका. मी बरीच वर्षं औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत काढली आहेत, अशाच प्रयोगांमध्ये, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही वर्णन केलेला प्रयोग कार्बन टेट्राक्लोराइडचा आहे. हे द्रव्य यकृतात पोचलं की तिथलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचा एक क्लोरीन काढून घेतं आणि उरतो तो फ्री रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, दिसेल त्याच्याशी भिडणारा रेणू. तो पेशीच्या आवरणातल्या मेदाम्लांवर तुटून पडतो, एकापासून दुसरा अशी साखळी लागते, पेशी फुटतात आणि त्यांच्यातली एसजीपीटी, एसजीओटी ही एन्झाइमं रक्तात येतात. म्हणजे हे विष मुळात फ्री रॅडिकलच्याच वाटेनं मारणारं आहे. अँटिऑक्सिडंटची, म्हणजे फ्री रॅडिकल विझवणाऱ्या द्रव्याची, परीक्षा घ्यायला असं विष निवडणं म्हणजे मुलाला येणारंच गणित पेपरात घालणं. तुमच्या वडिलांचं यकृत वर्षानुवर्षं चरबी साठून, इन्शुलिनचं काम बिघडून इथवर आलंय. तिथे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे अशा रॅडिकलांचा मारा, असतो, पण तो अनेक कारणांपैकी एक.

नुकसान मोजतात कसं, तेही सांगतो. यकृताचा तुकडा बर्फावर ठेवून बफरमध्ये घोटायचा, थायोबार्बिट्युरिक आम्ल घालायचं आणि नळ्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या. मेद जितका जास्त सडला असेल तितका गुलाबी रंग चढतो. तो ५३२ नॅनोमीटरवर वाचायचा. विष दिलेल्या गटाच्या नळ्या गडद गुलाबी आणि औषध दिलेल्या गटाच्या फिक्या, अशा रॅकमध्ये शेजारीशेजारी दिसल्या की बघणाऱ्याची लगेच खात्री पटते. पण काही साखरी आणि इतर अल्डिहाइडंही या आम्लाबरोबर रंग देतात. म्हणून नुसत्या या एका आकड्यावर उभा असलेला निबंध मी कच्चा धरतो. सोबत ग्लुटाथायोन, एसओडी, कॅटलेज या यकृताच्या स्वतःच्या संरक्षक द्रव्यांचे आकडे आणि मुख्य म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या यकृताच्या स्लाइड हव्यात.

आता खरी मेख. अशा बहुतेक प्रयोगांत औषध आधी काही दिवस पाजतात आणि विष नंतर टोचतात. यकृत वाचलं, पण का? औषधानं फ्री रॅडिकल विझवले म्हणून, की औषधानं ते सीवायपी२ई१ एन्झाइमच दाबलं आणि विषाचं विष झालंच नाही म्हणून? दोन्हींत नळीचा रंग फिकाच येणार. वनस्पतींतली कितीतरी द्रव्यं ही एन्झाइमं दाबतात. औषध विरघळवायला वापरतात ते डीएमएसओसुद्धा दाबतं! त्यामुळे निबंध हातात आला की मी आधी बघतो: नुसत्या द्रावकाचा वेगळा गट होता का, आणि विषानंतर औषध देऊन पाहिलं का. तुमचे वडील 'नंतर'च्या गटातले आहेत.

प्राण्यांवरचं सगळंच काम फोल असतं असं मात्र मी म्हणत नाही, उलट पॅरासिटामॉलचं उदाहरण फार मोलाचं आहे. त्याच्या अतिमात्रेत यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं आणि मग पेशी मरतात, हे १९७३च्या सुमारास उंदरांवरच्या कामातून उलगडलं. त्यातूनच एन-असिटिलसिस्टीन हा उतारा पुढे आला, आणि पहिल्या आठ तासांत मिळाला तर तो आजही माणसं वाचवतो. कारण तिथे यंत्रणा नेमकी कळली होती आणि उंदरात व माणसात ती सारखीच निघाली.

उलटं उदाहरण फिनलंडचं. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला: रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. कागदावर ते उत्तम अँटिऑक्सिडंट होतं.

यकृतापुरतं बोलायचं तर २०१०च्या एका अमेरिकी चाचणीत मधुमेह नसलेल्या, बायोप्सीत यकृताला सूज सिद्ध झालेल्या रुग्णांना रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व ९६ आठवडे दिलं. सुधारणा ४३ टक्क्यांत दिसली, प्लासिबोवर १९ टक्क्यांत. फायदा खरा आहे, पण तो त्या ठरावीक रुग्णांना आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सोनोग्राफी बघून स्वतःच सुरू करायची ती गोष्ट नव्हे.

पिपरिनबद्दल वेगळं सांगतो. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या १९९८च्या कामात पिपरिनसोबत करक्युमिनची उपलब्धता उंदरात १५४ टक्क्यांनी वाढली, माणसात २००० टक्क्यांनी. प्राणी आणि माणूस यांत केवढा फरक पडू शकतो बघा. शिवाय पिपरिन इतर औषधांचंही शोषण वाढवू शकतं, आणि हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृतालाच इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले आहेत; त्यांतल्या काहींच्या गोळ्यांत मिरीचं पिपरिन होतं. आमटी-भाजीतल्या हळदीबद्दल मी हे बोलत नाहीये, ती खुशाल चालू द्या.

वडिलांचं वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्क्यांनी उतरवणं, हा आजघडीला यकृतासाठी सगळ्यात भक्कम पुरावा असलेला उपाय. कॅप्सूल आधीच सुरू झाल्या असतील तर डब्याचा फोटो डॉक्टरांना दाखवा, आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद करून एलएफटी (यकृताची रक्ततपासणी) करून घ्या. वडिलांचं एसजीपीटी, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) झालं असेल तर त्याचा आकडा आणि सध्या चालू असलेली औषधं इथे लिहा, म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगता येईल.