आधी खालचे काम, मग इंजिन : जुन्या फियाटविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांनी नंबर लावून, काही वर्षे वाट पाहून १९७१ साली घेतलेली फियाट ११०० डिलाइट आमच्या इमारतीखाली गेली अकरा वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे. वडील गेल्यानंतर तिला कोणी हात लावलेला नाही. गाडी पुढच्या डाव्या बाजूला खचली आहे आणि इंजिन जाम झाले आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही. मी आता निवृत्त झालो असून रोज तीन-चार तास देऊ शकतो. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात की नवी बॅटरी लावून आधी इंजिन चालू करून पाहू, सस्पेन्शनचे नंतर बघता येईल. सुरुवात कोठून करावी? घरी काय करावे आणि बाहेर काय द्यावे?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : बॅटरी लावू नका, ही पहिली विनंती. अकरा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल केव्हाच ओघळून गेलेले असते. चारपैकी एखाद्या सिलिंडरचा वाल्व उघडा राहिलेला असतो, त्यातून अकरा पावसाळ्यांची दमट हवा आत गेलेली असते आणि पिस्टनच्या रिंगा जेथे थांबल्या तेथेच गंजाने चिकटलेल्या असू शकतात. अशा इंजिनाला स्टार्टरचा झटका दिला, तर रिंग तुटते किंवा सिलिंडरवर ओरखडा पडतो. चिकटलेला वाल्व खाली न आल्यास त्याला ढकलणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, वाकते. जे इंजिन पंधरा दिवसांच्या धीराने सुटले असते, ते अशा एका झटक्याने बोअरिंगला, म्हणजे सिलिंडर घासून मोठे करून घ्यायला, जाते.

त्याऐवजी चारही प्लग काढा, कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा आणि त्यांची टोके उजेडात नीट पाहा. एखाद्यावर तांबूस गंज दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरले होते असे समजावे. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ ऑइल आणि डिझेल यांचे मिश्रण सोडा, भोके स्वच्छ फडक्याने झाका आणि आठवडाभर थांबा. मिश्रण उतरले तर पुन्हा घाला. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिनाच्या पुढच्या टोकाला असलेल्या क्रँक पुलीच्या नटाला पान्हा लावा आणि दोन्ही दिशांना बोटभर, अगदी हलक्या हाताने फिरवून पाहा. हलले नाही तर जोर वाढवायचा नाही, दिवस वाढवायचे. इंजिन सुटल्यावर वरचे कव्हर काढून वाल्वच्या दांड्यांवर ऑइल सोडा आणि पुली फिरवत आठही वाल्व एकेक करून वरखाली होतात का, ते डोळ्यांनी पाहा. हे मिश्रण झिरपून खालच्या चेंबरमध्ये उतरते, म्हणून जुने ऑइल काढून नवे भरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एवढे झाले की इंजिन तसेच ठेवा आणि गाडीखाली जा. या क्रमाविषयी मी आग्रही आहे आणि त्याला कारण आहे. आपल्या गाडीला वेगळी चॅसिस नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. सस्पेन्शनचा सगळा भार त्या पत्र्यावर आणि त्याला जोडलेल्या आडव्या तुळईवर, म्हणजे क्रॉसमेंबरवर, येतो. पत्रा कुजला असेल, तर इंजिनावर घातलेला प्रत्येक रुपया वाया जातो. गाडी एका बाजूला खचली आहे म्हणजे तेथील स्प्रिंग तुटली किंवा बसली आहे, अथवा ती जेथे टेकते ती जागाच गेली आहे. लहान हातोडी घेऊन खालून ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो. कुजलेला बद्द आवाज करतो आणि त्यातून तांबडी भुकटी गळते. अशी जागा सापडली, तर पहिला माणूस वेल्डर, मेकॅनिक नंतर.

गाडी उचलताना जॅकवर कधीही विसंबू नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. गाडी पेलण्यासाठी चांगल्या, जड घोड्या (लोखंडी स्टँड) हव्यात आणि त्या पक्क्या फरशीवर हव्यात, पेव्हर ब्लॉकवर नव्हे. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग आणि वरखाली दोन आर्म (चाक गाडीशी जोडणारे हात) असतात. ती दाबलेली स्प्रिंग हा या सगळ्या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे. लोअर आर्मखाली जॅकचा आधार आणि स्प्रिंगला योग्य कॉम्प्रेसर असल्याशिवाय एकही नट सोडू नये. तुमच्याजवळ ही साधने नसतील आणि पूर्वी हे काम कोणाबरोबर केलेले नसेल, तर या एका दिवसासाठी जाणता मेकॅनिक घरी बोलवावा.

चाक वळवताना ज्या उभ्या पिनेभोवती ते फिरते, त्या किंगपिनची झीज तपासणे सोपे आहे. चाक उचलून वर आणि खाली धरा व हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो. तशीच राहिली तर किंगपिनचा. नवे बुश (पिन ज्यांत फिरते त्या नळ्या) घरी ठोकून बसवता येतील, पण ते पिनच्या मापाला आणण्यासाठी रीमर लागतो. ते काम लेथवाल्याचे आहे. पिन आणि बुश दोन्ही त्याच्याकडे द्यावेत.

आता आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशविषयी, कारण हे काम बहुतेक ठिकाणी चुकीचे होते. माझ्या पहिल्या फियाटला मी सगळे नवे बुश बसवले, चाके हवेत लोंबत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले आणि सहा महिन्यांत बुश फाटले. दोष बुशचा नव्हता. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी आर्मच्या त्या स्थितीत पक्की होते. लोंबत्या स्थितीत ती पक्की केली, तर गाडी खाली ठेवताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. म्हणून बोल्ट आधी नुसते हाताने लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढे-मागे ढकलून आणि दोन-तीनदा दाबून ती आपल्या नेहमीच्या उंचीला बसू द्यावी आणि मगच शेवटचा आवळा द्यावा. मागच्या कमानीच्या, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगच्या, रबरी बुशांनाही हाच नियम आहे. कमानीचे पाटे सुटे करून, गंज खरवडून, तुटलेला पाटा शोधावा. बसलेली कमान पुन्हा चढवून मिळते, पण दोन्ही बाजूंच्या कमानी एकाच वेळी द्याव्यात. आपल्याकडच्या पद्मिनी (याच फियाटचे पुढचे नाव) टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या. त्यांतून निघालेले सामान कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून पाहायला मिळते. तेथून कमान घेताना पाट्यांची संख्या आणि लांबी आपल्या कमानीशी जुळवूनच घ्यावी.

ब्रेकचे सर्व रबर, होज आणि ऑइल बदलणे याच टप्प्यात उरकावे. त्यात निवड करण्यासारखे काही नाही.

मग इंजिन. आपले इंजिन १०८९ सीसीचे, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक असलेले, साधे आणि घरी खोलण्यासारखे आहे. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर, न वाढल्यास वाल्व किंवा हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, पॅकिंग. चारही सिलिंडरचे दाब जवळजवळ सारखे असतील आणि ऑइलचा दाबही नीट असेल, तर कृपा करून खालचे इंजिन उघडू नका. खोलणे, खुणा करणे, साफसफाई, वाल्व लॅपिंग (वाल्व त्याच्या सीटवर घासून नीट बसवणे), जुळणी ही कामे घरची. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग (क्रँक घासून मापात आणणे) आणि हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणे) बाहेरची. हेड ॲल्युमिनियमचे आहे. ते इंजिन पूर्ण थंड असतानाच सोडावे, आणि बसवताना नट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळावेत.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा : पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका कारखान्याने माझा ब्लॉक अंदाजाने पुढच्या मापाला बोअर केला आणि त्या मापाचे पिस्टन मिळेपर्यंत चार महिने गेले. पिस्टन घ्यावेत, ब्लॉकबरोबर तेच द्यावेत आणि प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या सिलिंडरचा बोअर करून घ्यावा.

काढलेले जुने ऑइल डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. इमारतीच्या गटारात त्याचा थेंबही जाऊ नये.

प्रश्न : माझी १९८६ ची पद्मिनी रोज चालते. गेले काही महिने बॉनेट उघडले की पेट्रोलचा वास येतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे असे होते का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : शक्यता मोठी आहे. जुन्या काळचे रबर इथेनॉल सोसत नाही. ते फुगते, मऊ पडते किंवा चिरते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घाला, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग बदला. हे होईपर्यंत गाडी चालवू नका. गरम इंजिनावर पडणारे पेट्रोल म्हणजे आगच आहे. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवावा. वाल्वच्या सीट झिजू न देणारे शिशाचे पेट्रोल आता मिळत नाही, याची मात्र फार काळजी नको. ते देशभरात २००० सालीच बंद झाले आणि त्यानंतर याच इंजिनांच्या टॅक्सी मुंबईत वर्षानुवर्षे सीएनजीवर धावल्या. हेड उघडाल तेव्हा वाल्वच्या सीट तपासून घ्या, एवढे पुरे.

प्रश्न : आमची १९७२ ची फियाट आता पन्नास वर्षांपुढची आहे. तिची ‘विंटेज’ म्हणून नोंद करावी का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : गाडी कशासाठी हवी, यावर ते अवलंबून आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि बॉडी, चॅसिस व इंजिन यांत मोठा बदल न केलेल्या गाडीला ही नोंद मिळते आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी आईला सिद्धिविनायकाला न्यायचे असेल, तर नेहमीचीच नोंदणी फिटनेस आणि पर्यावरण कर भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत चालवणे मला योग्य वाटते. दोन्ही मार्गांत आरसीवरचे इंजिन आणि चॅसिस क्रमांक गाडीवर वाचता आले पाहिजेत. तेव्हा रंगकाम किंवा ब्लॉकची घासाई सुरू होण्यापूर्वी दोन्ही क्रमांकांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, फोटो काढा आणि दोन्ही आरसीबरोबर जपून ठेवा.