कानाला ‘दडे बसले’ म्हणून थांबू नका

कानात आवाज येण्याबद्दल, म्हणजे टिनिटसबद्दल, तेच ते गैरसमज पत्रांतून पुन्हा पुन्हा येतात. म्हणून ही उत्तरं एकत्र देत आहे.

प्रश्न : कानात गुणगुण होते. कोमट तेल घालू का?
उत्तर : नाही. कापसाची काडीही नको. तिने मळ आणखी आत ढकलला जातो.

प्रश्न : वय ६२. दोन्ही कानांत रातकिडे ओरडल्यासारखं वाटतं. रात्री फार.
उत्तर : हे लक्षण आहे, स्वतंत्र आजार नव्हे. वयामुळे किंवा गोंगाटामुळे आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ऐकू येणं कमी झालं की मेंदू ती उणीव स्वतःच भरू पाहतो, असं मानलं जातं. रात्री आजूबाजूला शांतता असते, म्हणून आवाज जास्त जाणवतो. पंखा चालू ठेवून झोपा. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांचा आवाजाचा त्रासही उतरतो.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी उठलो तर डावा कान बंद, आत शिट्टी. घरचे म्हणतात, सर्दीने दडे बसलेत. आठवडाभर वाट पाहू का?
उत्तर : एक दिवसही नाही! हे वाचून होताच कानतज्ज्ञांकडे जा. दडेच असतील तर उत्तम, पण ते घरी बसून ठरत नाही. तपासताना कपाळाच्या मध्यावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा धातूचा चिमटा, टेकवतात. मळाने किंवा सर्दीने कान बंद असेल, तर आवाज त्याच कानात मोठा येतो. नस किंवा आतला कान दुखावला असेल, तर चांगल्या कानाकडे सरकतो. दुसरा प्रकार तातडीचा. त्यावर स्टिरॉइड देतात आणि त्यांचा उपयोग व्हायचा तो पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत. ‘सर्दी ओसरू दे’ म्हणत महिन्याने आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तेव्हा हाती फारसं उरलेलं नसतं, आणि कान मात्र कायमचा गेलेला असतो. पुढे एमआरआयही सांगतील, कारण क्वचित नसेवर गाठ निघते.

प्रश्न : ‘तीन महिन्यांत आवाज कायमचा बंद’ अशा जाहिरातीतल्या गोळ्या घेऊ का?
उत्तर : पैसे वाया घालवू नका. टिनिटस हमखास बंद करणारी गोळी आजवर निघालेली नाही. जिंको या वनस्पतीच्या अर्काचाही फायदा सिद्ध झालेला नाही. झोप उडाली असेल, तर कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीने, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसोपचाराने, त्रास कमी होतो. त्यासाठी समुपदेशकांना भेटा.

प्रश्न : हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेते. त्यामुळेच कान वाजतो का? बंद करू?
उत्तर : स्वतःहून मुळीच बंद करू नका. कान वाजतो तो सहसा मोठ्या मात्रेने. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आवाज शिट्टीसारखा नाही, धडधड आहे.
उत्तर : मनगटाची नाडी धरून पाहा. ठोके आणि आवाज बरोबर पडत असतील, तर रक्तवाहिन्यांची तपासणी लागते. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात हे सांगा.