नोकरीचं शिक्षण घेताना जलरंगाचा हात कसा राखायचा?

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. तीन महिन्यांपासून इथल्या हौशी चित्रकारांच्या गटासोबत दर रविवारी बाहेर जाऊन जलरंगात चित्रं काढते. अभियांत्रिकी आवडते, ती सोडायची नाही. पण बाबा म्हणतात, "करायचं तर पूर्णवेळ कर, नाहीतर रंगांवर पैसे घालू नकोस." छंद म्हणून केलेली चित्रकला अर्धवटच राहते का?

उत्तर : नाही राहत, पण काय सुटणार आहे ते आधी नीट बघून घे. कलामहाविद्यालयातला मॉडेल समोर बसवून केलेला रोजचा सराव, मोठ्या कॅनव्हासला लागणारी जागा, चार-पाच वर्षं पाठीशी उभे असलेले शिक्षक, हे छंदाच्या वेळात बसत नाही. जलरंगातलं निसर्गचित्र बसतं, कारण ते एका बैठकीत पुरं होतं. तेव्हा वर्षभर जलरंगच धर. मध्येच ॲक्रिलिक, मग डिजिटल असं केलंस, तर प्रत्येक माध्यमाचे पहिले दोन महिनेच पुन्हा पुन्हा शिकत राहशील.

वेळ किती? रविवारचे तीन तास आणि आठवड्यात ४० मिनिटांच्या तीन बैठका, म्हणजे आठवड्याला पाच तास. परीक्षा आणि आजारपण वगळून ४० आठवडे धरले तरी वर्षाचे २०० तास होतात. बैठका बुडतात त्या बहुधा आळसाने नाही, मांडामांडीने. सामान काढायला पंधरा मिनिटं आणि आवरायला दहा गेली, तर ४० मिनिटांत उरतं काय? बोर्ड, पॅलेट आणि ब्रश एका ट्रेमध्ये कायम मांडलेले असू देत. परीक्षेच्या आठवड्यात रंग बाजूला ठेव, पण रोज दहा मिनिटं पेन्सिल चालव. पूर्ण खंड पडला की परत बसणं फार जड जातं.

तीनपैकी एक बैठक फक्त छायाभेदांना दे. काडेपेटीएवढ्या चौकटीत उजळ, मध्यम आणि गडद अशा तीनच छटांत रविवारचं दृश्य मांड. दुसरीत नुसते वॉश, म्हणजे पातळ रंगाचे सलग थर. तिसरीत रविवारच्या चित्रातला फसलेला एकच भाग पुन्हा रंगव, पूर्ण चित्र नाही.

सामानात नवशिके हमखास एक चूक करतात : रंग भारी घेतात आणि कागद हलका. १५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम भरणारा कागद ओला झाला की लाटांसारखा फुगतो. खळग्यात पाणी साचतं, उंचवटा आधी वाळतो. मग खळग्यातलं पाणी अर्धवट वाळलेल्या भागात शिरतं, रंग पुढे ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. दोष कागदाचा असतो, पण शिकणारी व्यक्ती स्वतःच्या हाताला बोल लावते. १०० टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमचा कागद घे आणि चारही बाजूंनी टेपने बोर्डला चिकटव. २२ बाय ३० इंचांच्या एका तावाचे साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात.

रंगांच्या सहा ट्यूब पुरतात : पिवळा, लाल आणि निळा, प्रत्येकाचा एक उबदार आणि एक थंड. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक मात्र वाचायचा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, तो टिकतो. पीआर ८३ म्हणजे जुना अलिझरीन क्रिमसन, तो उजेडात उडतो.

बाहेर रंगवताना पहिल्या दहा मिनिटांतच सावल्यांच्या कडा पेन्सिलने आखून टाक. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. सरकत्या सावलीच्या मागे लागलीस तर चित्रात एकाच वेळी दोन दिशांचा उजेड येतो.

आता गट. २००७ मध्ये सिॲटलच्या गाब्रिएल कंपानारिओने सुरू केलेल्या अर्बन स्केचर्सच्या शाखा आज जगभर आहेत, आणि त्यांचा पहिला नियम जागेवर बसून, बघून काढण्याचा आहे. अशा गटाचं खरं मोल शेवटच्या अर्ध्या तासात असतं, जेव्हा सगळ्यांची चित्रं शेजारी शेजारी मांडली जातात. एकाच भिंतीकडे बघून दहा जणांनी दहा वेगळे निर्णय घेतलेले असतात. हे घरी एकटीला कधीच दिसणार नाही. तिथे "कसं झालंय?" विचारलंस तर "छान" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा "पुढचं झाड मागच्या भिंतीपासून सुटं दिसतं का?" असं विचार. मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढून दाखव. झाड आणि भिंत तिथे एकाच करड्या रंगाची दिसली, तर रंग कितीही सुंदर असला तरी खोली येणार नाही.

एक धोकाही असतो. गटातल्या सर्वांत तयार हाताचं आकाश हळूहळू सगळ्यांच्या चित्रात उतरतं. महिन्यातून एक रविवार वेगळ्या जागी, एकटीने बस.

मागणीवरची चित्रं पहिलं वर्षभर घेऊ नकोस. नातेवाइकांची व्यक्तिचित्रं सुरू झाली की हेच पाच तास दुसऱ्याच्या पसंतीला जातात, आणि सराव थांबल्याचं लक्षातही येत नाही. गटाच्या प्रदर्शनात जरूर भाग घे. त्यात फ्रेमिंगचा खर्च जड असतो, म्हणून सगळी चित्रं एकाच मापाची ठेव. त्याच फ्रेम पुढच्या वेळी चालतात. काच कागदाला टेकू नये म्हणून आम्लमुक्त माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लागतोच, नाहीतर दमटपणाने बुरशी धरते.

नोकरी सांभाळून चित्रकला होते याचं उदाहरण हवं तर पॅरिसचा चित्रकार ऑन्री रूसो जकात नाक्यावर नोकरी करत रंगवायचा. १८८६ पासून तो सलॉं दे ज्यांदेपांदां या प्रदर्शनात चित्रं मांडत होता, कारण तिथे निवडसमितीच नव्हती. नोकरी त्याने १८९३ मध्ये सोडली.

बाबांचा मुद्दा पैशांचा आहे, तर त्यांना हिशेबच दाखव. महिन्याला दोन ताव म्हणजे सोळा तुकडे. आठवड्याचे चार : एक रविवारचा, दोन बैठकांचे आणि एक फसण्यासाठी राखलेला. छायाभेदांना साधी वही चालते. वॉशचा जादा सराव वाळलेल्या तुकड्यांच्या पाठीवर कर.